देवळाच्या पायाशी असलेली माती जपण्याबाबत खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

खानदेशातील जुन्या देवळांच्या आवारात फरशी, संरक्षक भिंत, भक्तनिवास अशी कामे निघतात, तेव्हा कोरीव दगड जपले जातात. जोत्यालगतची माती मात्र जेसीबीने उचलून बाहेर टाकली जाते. त्याविषयी हे पत्र आहे.

चाळीसगावजवळच्या वाघळीच्या देवळात शके ९९१ चा शिलालेख असल्यामुळे काळ ठरवायला आधार मिळतो. ज्या देवळावर एक अक्षरही कोरलेले नाही, त्याचा काळ मात्र बऱ्याचदा पायाजवळच्या थरांवरूनच ठरवावा लागतो. पायाचा चर ज्या थरांना छेदून खाली गेला, ते थर देवळाआधीचे. त्या चरावर सलग पसरलेली चुन्याची जमीन नंतरची. आणि चरात भरलेल्या मातीत जी सर्वांत अलीकडची वस्तू मिळेल, तिच्या काळापूर्वी तो पाया भरला गेलेला असू शकत नाही. घडीव दगडाच्या बारीक कपच्यांचा थर आढळला, तर पाथरवट कोणत्या पातळीवर बसून काम करीत होते, तेही कळते. हा थर कधी कधी बोटभरच जाड असतो.

आपल्या भागात हे वाचन अधिक अवघड आहे, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे खापर किंवा नाणे त्या भेगेतून खोल उतरते. शिवाय धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, घालण्यासाठी पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेलेली आहे. म्हणून वस्तू किती खोल सापडली एवढ्यावर विसंबून चालत नाही. राखेचा पट्टा दिसताच देऊळ जाळले गेले असे सांगण्याची घाई होते, ती मला फार घातक वाटते. राख चुलीची किंवा होमाचीही असू शकते, आणि खालची माती जागेवरच भाजून लाल झाली आहे का, हे आधी पाहायला हवे.

१९५५ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ताम्रपाषाण काळापासूनच्या (तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरली जात, त्या काळापासूनच्या) वस्त्यांचा क्रम लावला, तो असेच थर वाचून.

माझी मागणी अशी की, जुन्या देवळाच्या आवारातील खोदकामाच्या निविदेतच अट घालावी: आधी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली हाताने चाचणी खड्डा घ्यावा, त्याच्या उभ्या छेदाचे मोजमापासह रेखाटन व्हावे, खापरे आणि कोळशाचे नमुने थरांनुसार वेगळे ठेवावेत, आणि मराठी अहवाल ग्रामपंचायतीत उपलब्ध असावा. पावसाळा सरला की ही कामे पुन्हा सुरू होतील. तत्पूर्वी आपण तसा आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
पुरातत्त्वाचा एक अभ्यासक, चाळीसगाव