गणित बरोबर आले, पण चाळीस दिवसांनी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत जीवाणूंच्या चयापचयाच्या संगणकीय प्रारूपांवर (मॉडेल्सवर) आलेला लेख वाचला. असा विषय मराठीत आला याचा आनंद झाला. परंतु ‘आता जीवाणू वाढवून पाहण्याची गरज उरली नाही’ हा त्यातील सूर, आयुष्यभर महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला खटकला.

‘ई. कोलाय’ या जीवाणूच्या के-१२ वाणाचा संपूर्ण जनुकक्रम १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि २००० साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे एडवर्ड्स आणि बर्नहार्ड पॉलसन यांनी त्यावरून या जीवाणूच्या चयापचयाचे प्रारूप मांडले. पेशीतील प्रत्येक पदार्थाचा जमाखर्च लिहायचा, जेवढे तयार होते तेवढेच खर्ची पडते असे धरायचे आणि या बंधनांत राहून वाढ जास्तीत जास्त किती होईल ते काढायचे. बारावीची मुले मार्कांपुरते करतात तेच हे लिनियर प्रोग्रामिंग, फक्त दोन चलांऐवजी शेकडो अभिक्रियांचे. त्या अभिक्रियाही संगणकाला आपोआप सुचलेल्या नाहीत. कित्येक दशके एकेक विकर (एन्झाइम) वेगळे करून तपासणाऱ्यांच्या वह्यांतून त्या आल्या आहेत.

लेखात ज्याचा उल्लेखच नव्हता, तो २००२ चा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. अन्न म्हणून ग्लिसरॉल दिले असता हा जीवाणू प्रारूपाने वर्तवलेल्या वेगापेक्षा बराच मंद वाढत होता. प्रारूप चुकले म्हणून ते बाजूला ठेवता आले असते. त्याऐवजी इबारा, एडवर्ड्स आणि पॉलसन यांनी फ्लास्कमधील थोडे कल्चर (वाढलेले जीवाणू) पुन्हापुन्हा ताज्या पोषक द्रावणात घालत वाढ चालू ठेवली, म्हणजे जलद वाढणाऱ्या पेशीच पुढे सरकत राहिल्या. चाळीस दिवसांत, सुमारे ७०० पिढ्यांनंतर, जीवाणू गणिताने सांगितलेल्या वेगाला येऊन पोहोचला!

याचा अर्थ प्रारूपाला पेशीची कुवत कळली होती, तिची त्या दिवशीची सवय नव्हे. कोणते जनुक कधी आणि किती चालू असते, हे त्या जमाखर्चात नसते. पुढे २००६ साली अशा वाणांचे जनुकक्रम तपासले, तेव्हा ग्लिसरॉल कायनेज या विकराच्या जनुकात बदल सापडले. ती अभिक्रिया प्रारूपात होतीच, पण अडते कुठे ते फ्लास्कनेच दाखवले.

लेखाच्या पुढील भागात या प्रयोगाला जागा मिळावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा