ती पिशवी थांबवल्याबद्दल

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढी तुमची ओळख झाली आहे. नागपुरातल्या ज्या रक्तपेढीत तुम्ही रात्रपाळीला होता, तिथे तुम्ही हट्टाला पेटलात म्हणून आज माझी आई घरात हिंडते-फिरते आहे. तुम्ही नेमकं काय केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

गर्भाशयातल्या गाठींमुळे अंगावरून जाऊन जाऊन आईचं हिमोग्लोबिन ६.२ वर आलं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी रक्ताच्या दोन पिशव्या सांगितल्या. तिच्या जुन्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं, त्यामुळे रक्ताची चिंता कुणालाच नव्हती. पण क्रॉसमॅचला, म्हणजे आईच्या रक्ताशी जुळवून पाहायला, लावलेली पहिली पिशवी तुम्ही बाजूला ठेवलीत, मग दुसरी, मग तिसरीही. काका खिडकीशी आवाज चढवून बोलायला लागले. तुम्ही मला आत बोलावलंत आणि एक नळी उजेडात धरलीत. तिच्यात आईचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, आणि ओ गटाच्या पेशी होत्या. बोटाने टिचकी मारलीत, तरी तळाची लाल गुठळी सुटली नाही. “खऱ्या ओ गटात असं होत नाही,” तुम्ही म्हणालात आणि लगेच विचारलंत, “तुझा गट कोणता?”

माझा गट एबी. ओ गटाच्या आईला एबी गटाची मुलगी सहसा होत नाही. तुम्ही मान डोलावलीत आणि तडक अँटी-एचची, म्हणजे पेशींवरचा ‘एच’ ओळखणाऱ्या द्रावणाची, बाटली काढलीत. ओ गटाच्या पेशींची त्यात घट्ट गुठळी झाली, आईच्या पेशी जशाच्या तशा राहिल्या. बॉम्बे ब्लड ग्रुप! डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधून काढलेला, भारतात साधारण दहा हजारांत एकाला असणारा आणि युरोपात दहा लाखांत एखाद्यालाच सापडणारा गट.

घाईच्या त्या रात्रीही तुम्ही समोरच्या कागदावर आकृती काढून समजावलंत. लाल पेशीवर आधी एच अँटिजेन, म्हणजे पेशीची एक ओळखखूण, तयार होतो आणि त्याला आणखी एक साखर जोडली की ए किंवा बी होतो. एच म्हणजे घराचं जोतं. जोतंच नसेल तर भिंती उभ्या राहणार कुठे? हा एच बनवणारं जनुक एफयूटी१, एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं. आईकडे त्याच्या दोन्ही प्रती निकामी आहेत. नवव्या गुणसूत्रावरचं बी चं जनुक मात्र तिच्याकडे धडधाकट आहे. ते तिच्या पेशींवर दिसलं नाही, माझ्यात उतरलं. आणि एच अंगात नसल्यामुळे तिच्या रक्तात एचविरुद्ध जोरदार अँटीबॉडी तयार आहेत. ओ गटाच्या पेशींवर तर एच खच्चून भरलेला. ज्या रक्ताला आपण ‘सगळ्यांना चालणारं’ म्हणतो, तेच चढलं असतं तर त्यातल्या लाल पेशी आईच्या शिरांमध्ये फुटल्या असत्या, मूत्रपिंडं बंद पडली असती. पुढचं मला लिहवत नाही.

तुमचं काम इथेही संपत होतं. पण तुम्ही आईच्या भावंडांची चौकशी केलीत. आई-वडील दोघेही एकेक निकामी प्रत बाळगून असले, तर प्रत्येक भावंडाला हाच गट असण्याची शक्यता चारात एक. माझ्या आजोबांनी मामाची मुलगी केली होती, म्हणजे ती प्रत दोघांकडेही एकाच घरातून आलेली असणार. सकाळच्या पहिल्या एसटीने हिंगणघाटहून मामा आला आणि त्याचाही गट बॉम्बे निघाला! तोवर त्याने कधी रक्त दिलंच नव्हतं. पहिल्यांदा देणाऱ्याला वयाची मर्यादा साठीची. तो थोडक्यात बसला. “काढा न ताई, बहिणीले पाहिजे तं काढा!” त्याचं हे वाक्य तुम्हालाही आठवत असेल. सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घातक ठरू शकतात, म्हणून मामाच्या पिशवीला आधी रेडिएशन द्यायला हवं, हेही तुम्हीच आठवणीने बघितलंत. त्या एका पिशवीवर आणि लोहाच्या इंजेक्शनांवर डॉक्टरांनी आईला सावरलं, मग ऑपरेशन केलं.

मला खरोखर अस्वस्थ करते ती एकच गोष्ट. आईचं जुनं कार्ड ज्या लॅबमधून आलं, तिथे तिच्या फक्त पेशी तपासल्या असाव्यात. प्लाझ्मा ओ पेशींशी ताडून पाहिला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या किती लेकरांना वारंवार रक्त चढतं! त्यांच्यासाठी ए, बी, ओ पलीकडचे केल, डफी, किड हे अँटिजेनही जुळवून बघावे लागतात. त्या टेबलाशी तुमच्यासारखं कुणी बसलेलं असणं म्हणजे काय, हे आता मला पुरतं ठाऊक झालं आहे.

मामाने दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत नाव दिलंय आणि नव्वद दिवस झाले की पुन्हा द्यायला तयार आहे. आईने पर्समध्ये नवं कार्ड ठेवलंय. अमरावतीची मावशी दिवाळीनंतर नागपूरला येते आहे. तिचं सॅम्पल तुमच्याच हाती द्यायचं, असा आईचा आग्रह आहे. तेव्हा तुमची पाळी कधी असेल, तेवढं कळवा.

तुमची मनापासून ऋणी,
एबी गटाची मुलगी