खुनी पहिल्याच प्रकरणात सापडतो तेव्हा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत डोरोथी बी. ह्यूज यांच्या ‘इन अ लोनली प्लेस’ (1947) या कादंबरीवरचे टिपण वाचले. सांगली-मिरजेच्या वाचकांपुढे या लेखिकेचे नाव आले याचा मनापासून आनंद झाला. मात्र टिपणात दिलेले कथानक 1950 साली निकोलस रे यांनी काढलेल्या चित्रपटाचे आहे. तिथे हम्फ्री बोगार्टने रंगवलेला डिक्स स्टील हा रागीट पटकथालेखक आहे आणि ज्या खुनाचा संशय त्याच्यावर येतो तो त्याने केलेला नसतो. कादंबरीतला डिक्स खुनीच आहे. रहस्यकादंबरी लिहितोय अशी थाप मारत तो काकाच्या पैशांवर दिवस काढतो. हे सांगितल्याने कुणाचा रसभंग होणार नाही, कारण खुद्द ह्यूज पहिल्या प्रकरणातच पडदा बाजूला करतात.

ते प्रकरण सावकाश वाचावे. रात्रीची वेळ, समुद्रावरून वर चढणारे धुके. बसमधून एक एकटी मुलगी उतरते आणि डिक्स अंतर राखून तिच्या मागे चालू लागतो. तिला चाहूल लागली हे त्याला कशावरून कळते? तिच्या टाचेचा एक ठोका जादा पडतो, अर्धवट ठेचकाळल्यासारखा, आणि पुढची पावले भरभर पडू लागतात. मग मोटारींचे दिवे येतात आणि त्याचा बेत फसतो. खुनाचा एक शब्दही न काढता वाचकाला सगळे कळून चुकते. ह्यूज यांचे पहिले पुस्तक कवितांचे होते (1931), ते इथे जाणवते.

संपूर्ण कादंबरीत एकही खून पानावर घडताना दिसत नाही. रात्र मध्येच तुटते आणि पुढचा भाग दुसऱ्या दिवशी सुरू होतो, तेव्हा बातमी वर्तमानपत्रात आलेली असते. मधला काळ वाचकाने भरायचा. उद्या कुणी ही कादंबरी मराठीत आणायला घेतली, तर त्या मोकळ्या जागा भरण्याचा मोह टाळावा. तिथे गळा आवळण्याचा प्रसंग घातला की पुस्तक साधी थरारकथा होऊन बसेल.

वाचक चकतात ते दुसऱ्याच ठिकाणी. निवेदन ‘तो’ असे तृतीय पुरुषी आहे, म्हणून बायकांविषयीचे सगळे कडवट शेरे लेखिकेचे समजले जातात. ते डिक्सचे आहेत. त्याच्या डोक्याबाहेरचे एकही वाक्य कादंबरीत नाही, त्यामुळे शेजारची लॉरेल ग्रे कशी आहे हे त्याच्या शब्दांवरून ठरवू नये. तिने काय विचारले आणि कधी गप्प राहिली, एवढेच धरावे. डिक्स राहतो ते घर मेल टेरिस नावाच्या ओळखीच्या माणसाचे, मोटार आणि कपडेही त्याचेच, आणि मेल म्हणे रिओला गेलाय. लॉरेल त्या मेलला ओळखते, हे विसरू नये.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसावे आणि सिल्व्हिया डिक्सकडे पाहते ते प्रत्येक वाक्य अधोरेखित करावे. तिचा नवरा ब्रब निकोलाय युद्धकाळातला डिक्सचा मित्र, आणि आता पोलिसांतर्फे याच खुनांच्या तपासावर आहे. डिक्स त्याच्याच घरी जातो-येतो आणि कादंबरीसाठी म्हणून तपासाची माहिती काढून घेतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पोलीस आसपास चाचपडत असताना सिल्व्हियाला मात्र आधीच काहीतरी खटकलेले असते. या खुणा एकापुढे एक वाचल्या की कादंबरीतला खरा तपास सिल्व्हिया आणि लॉरेल या दोन बायका करीत आहेत हे दिसते. चित्रपटात नेमके हेच गळले आहे.

खुन्याच्या मनात बसून लिहिलेल्या कादंबऱ्यांबद्दल बोलताना जिम थॉम्पसन यांची ‘द किलर इनसाइड मी’ (1952) आणि पॅट्रिशिया हायस्मिथ यांची रिप्ली या खुन्यावरची कादंबरी (1955) यांचे नाव हमखास निघते. ह्यूज यांची ही कादंबरी त्या दोन्हींच्या आधीची. 1978 साली अमेरिकेतील रहस्यलेखकांच्या संघटनेने त्यांना ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या आपल्या वाचकाला इथे टाळ्या घेणारा नायक मिळणार नाही, पण हातातले पुस्तक खाली ठेववणार नाही याची खात्री देतो.

सांगलीतल्या वाचक मंडळांना टिपणात सुचवले आहे की आधी चित्रपट पाहावा, मग पुस्तकावर चर्चा करावी. हा क्रम उलटा करावा. बोगार्टचा चेहरा एकदा डोळ्यांपुढे बसला की डिक्सविषयी आपोआप सहानुभूती वाटू लागते आणि पहिल्या प्रकरणातल्या त्या पावलांचा धाक उरत नाही. पुस्तक एका बैठकीला, चित्रपट पुढच्या, आणि चर्चा फक्त फरकांवर, असे केल्यास दोन्हींना न्याय मिळेल.

पुढच्या पुरवणीत कथानकाची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ग्रंथालयांतली पुस्तकखरेदी पुष्कळदा अशाच कात्रणांवरून ठरते.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली