अंगात नळी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती मराठीत एक कागद द्या

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यावयाच्या काळजीविषयी आलेला लेख वाचला. पथ्यपाणी, हालचाल, टाक्यांची निगा, आंघोळ केव्हा करावी, हे सारे त्यात नीट आले आहे. परंतु हल्ली पुष्कळ रुग्णांना शरीरात एखादी नळी असतानाच घरी सोडले जाते आणि त्या नळीचे पुढे काय करायचे, याचा लेखात उल्लेखही नाही. माझी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात परिसेविका म्हणून झाली. त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे आहे की, नळीसह घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेला एक पानी कागद मिळालाच पाहिजे. त्यावर नळीचे नाव आणि काम, ती घातल्याची तारीख, ती काढण्याची किंवा बदलण्याची शेवटची तारीख आणि अडचण आल्यास करावयाचा दूरध्वनी क्रमांक, एवढे तरी असावे.

नातेवाइकांच्या लेखी सगळ्या नळ्या सारख्याच. ‘नळी लावलीय’ एवढेच त्यांना ठाऊक असते. प्रत्यक्षात काही नळ्या शरीरात अन्न किंवा औषध पोहोचवतात, काही आत साचलेले रक्त, पू, पित्त किंवा लघवी बाहेर काढतात, तर काही नुसती आतली वाट उघडी ठेवतात. त्यामुळे एकीसाठी योग्य असलेली काळजी दुसरीसाठी घातक ठरू शकते. नाकातल्या नळीतून अन्न गेल्यावर पाणी सोडून ती धुवावीच लागते. पोटाच्या ड्रेनमध्ये, म्हणजे आत साचलेले बाहेर काढणाऱ्या नळीत, मात्र डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काहीही सोडायचे नसते.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेजवळून निघणाऱ्या ड्रेनचे उदाहरण घेऊ. ही नळी एका चुणीदार प्लॅस्टिकच्या डब्याला जोडलेली असते. डबा कोणत्याही कंपनीचा असो, वॉर्डात त्याला सगळे ‘रोमोव्हॅक’च म्हणतात. डबा दाबून झाकण लावले की आतल्या स्प्रिंगा पुन्हा फुलू पाहतात आणि त्या ओढीने जखमेतले पाणी खाली येते. डबा पुरता फुलला म्हणजे ओढ संपली. घरची मंडळी मात्र फुललेला डबा पाहून समाधान मानतात, कारण तो दाबून ठेवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. रिकामा करायची रीत सोपी आहे. हात साबणाने धुवावेत, नळीची चिमटी बंद करावी, झाकण उघडून पाणी मापाच्या भांड्यात ओतावे, झाकण उघडे असतानाच डबा तळहाताने पूर्ण दाबावा, दाबलेला ठेवूनच झाकण लावावे आणि मग चिमटी उघडावी. शेवटची पायरी राहून गेली की नळी बंदच राहते, पाणी काखेत साचते, आणि ‘ड्रेनमध्ये काहीच येत नाही, म्हणजे जखम भरली’ असा समज करून घेतला जातो.

मोजलेले पाणी रोज ठरावीक वेळी वहीत लिहिणे हे डबा रिकामा करण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण चोवीस तासांतले पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले आणि लागोपाठ दोन दिवस तसेच राहिले, की हा ड्रेन काढण्याचा विचार केला जातो. ‘अर्धा कप येतंय’ या माहितीवर बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांनी काय निर्णय घ्यावा? रंगही लिहावा. पहिले एक-दोन दिवस लाल, मग गुलाबी आणि पुढे पिवळसर होत जाणे हा अपेक्षित क्रम आहे. पिवळे झालेले पाणी पुन्हा लाल झाले, घट्ट किंवा दुर्गंधीयुक्त झाले, पोटाच्या ड्रेनमधून हिरवट पित्त येऊ लागले किंवा ड्रेन एकाएकी थांबून जागा सुजली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन केला पाहिजे. डबा पदराला किंवा नाडीला लटकवू नये, त्यासाठी जुन्या लुगड्याची लहानशी पिशवी शिवून ती गळ्यात अडकवणे उत्तम. आमच्या वॉर्डातल्या बायकांनी ती युक्ती एकमेकींना शिकवली होती, कोणत्याही छापील सूचनेत ती नव्हती.

लघवीच्या नळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण घरोघरी हीच सर्वांत जास्त दिसते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी मूत्राशयात एका लहान फुग्याच्या आधाराने टिकते. त्या फुग्यात बहुधा १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरलेले असते. गोंधळलेल्या वयस्क रुग्णाने फुगा भरलेला असतानाच नळी ओढली तर मूत्रमार्गाला इजा होऊन रक्तस्राव होतो. म्हणून नळी मांडीला चिकटपट्टीने बांधून ठेवावी, हे घरच्यांना निक्षून सांगायला हवे. नळीच्या टोकाजवळच्या झडपेचा रंग तिचा आकार सांगतो. हिरवा म्हणजे १४ नंबर, नारिंगी १६, लाल १८. नंबराला तीनने भागले की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. रुग्णाला एवढा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. पण नळी बदलण्यासाठी तो गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, की तिथल्या सिस्टरांचा पहिला प्रश्न नंबराचा असतो आणि दुसरा नळी कधी घातली याचा. लेटेक्सची साधी नळी दोन ते चार आठवडे आणि सिलिकॉनची साधारण बारा आठवड्यांपर्यंत ठेवतात. वेष्टनावरची मुदत पाहावी म्हटले, तर वेष्टन शस्त्रक्रियागृहातच टाकून दिलेले असते.

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एस.टी.च्या प्रवासात हा नियम हमखास मोडतो. लाजेपोटी पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर टॉवेल टाकतात आणि साचलेली लघवी जंतूंसह मागे फिरते. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि बसल्यावर ती गुडघ्याखाली अडकवावी. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के धरली जाते. ‘असू द्या अजून चार दिवस, सोय होते’ हा आपल्याकडचा आवडता युक्तिवाद मला त्यामुळेच कधी पटला नाही.

नाकातून जठरात जाणारी रायल्स ट्यूब पक्षाघाताच्या आणि तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दीर्घकाळ लागते. भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी आणि त्यानंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी. भरवण्यापूर्वी नाकाजवळची खूण जागेवर आहे ना, हे पाहावे. खूण सरकली असेल किंवा रुग्णाला ठसका लागला, धाप लागली, तर काहीही आत सोडू नये. निघालेली नळी घरी पुन्हा घालू नये. हवा सोडून पोटावर ऐकलेला आवाज हा नळी जठरात असल्याचा खात्रीचा पुरावा नसतो, त्यासाठी क्ष-किरण किंवा ओढलेल्या द्रवाची आम्लता पाहावी लागते. छातीतल्या नळीचा रुग्ण बहुधा रुग्णालयातच असल्यामुळे त्याच्याविषयी एवढेच लिहिते की, एक्स-रेला नेताना नळीला जोडलेली पाण्याची बाटली खाटेवर ठेवू नये आणि तिच्यात बुडबुडे येत असताना मदत म्हणून कोणी नळीला चिमटा लावू नये. हवा आत कोंडून जीव जाऊ शकतो.

सर्वांत जास्त चिंता वाटते ती न दिसणाऱ्या नळीची. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्यामध्ये डीजे स्टेंट घालतात. सुमारे २६ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड अशी ही नळी दोन्ही टोकांना वळलेली असते, म्हणून ती जागची हलत नाही. बाहेरून तिची काहीच खूण नसते. डिस्चार्ज कार्डावर ‘लेफ्ट डीजे स्टेंट इन सिटू, रिव्ह्यू आफ्टर थ्री वीक्स’ (डाव्या बाजूचा स्टेंट आत आहे, तीन आठवड्यांनी दाखवा) असे इंग्रजीत घाईने लिहिलेले असते. खडा निघाला, दुखायचे थांबले, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की रुग्ण पुन्हा फिरकत नाही. अशा स्टेंटवर महिन्यामहिन्यांनी क्षारांचे थर चढतात, टोकांना नवे खडे धरतात, संसर्ग होतो आणि काही वेळा मूत्रपिंड निकामी होते. वेळेवर आलेल्या रुग्णाचा स्टेंट दुर्बिणीने काही मिनिटांत निघतो. विसरलेल्याला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, कधी एकाहून अधिक, करावी लागते. स्टेंट आत असताना वारंवार लघवीला होणे, लघवी करताना कुशीत कळ येणे, कष्टाच्या कामानंतर लघवी किंचित लालसर होणे हे बहुतेकांना होते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून दुसऱ्याच दवाखान्यात जातो आणि तिथे स्टेंटचा विषय निघतच नाही.

यावर केवळ कागद पुरणार नाही. ज्या रुग्णालयात स्टेंट घातले जातात तिथे स्टेंटची स्वतंत्र नोंदवही हवी आणि काढण्याची तारीख उलटलेल्या रुग्णांना फोन करण्याची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीवर सोपवलेली हवी. रुग्णाच्या गावच्या आशाताईंना ती तारीख कळवली, तर कितीतरी जण वेळेवर परत येतील. लसीकरणाला न आलेली बाळे शोधण्याचे काम त्या करतातच.

आणखी एक गोष्ट, थोडी डॉक्टरांना उद्देशून. ‘शंका असेल तर ड्रेन ठेवा’ हे वाक्य एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश शल्यविशारद लॉसन टेट यांच्या नावावर सांगितले जाते आणि ते बरीच वर्षे वॉर्डावॉर्डात प्रमाण मानले गेले. आता दुर्बिणीने केलेल्या पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर सरसकट ड्रेन ठेवून लाभ होत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. आतड्याच्या नियोजित शस्त्रक्रियांनंतर नाकातली नळी सरसकट ठेवू नये, असेही सांगितले जाते. रोजच्या राउंडला ‘ही नळी आज का आहे?’ हा प्रश्न परिचारिकेने विचारावा आणि त्याचा कोणाला राग येऊ नये. विद्यार्थी डॉक्टरांना तो उद्धटपणा वाटतो, हे मी पाहिले आहे. वरिष्ठांना सहसा वाटत नाही.

मनुष्यबळ कमी आहे, समजावून सांगायला वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात हे मला कोणी सांगायला नको. परंतु मी मागते आहे तो कागद एकदाच तयार करायचा आहे. प्रत्येक प्रकारच्या नळीसाठी वेगळा, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह. त्यात तारीख आणि नंबर भरायला मिनिटभरही लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी नातेवाइकाकडून आपल्यासमोर एकदा डबा रिकामा करून घ्यावा. सांगण्यापेक्षा करून घेतल्याने ते लक्षात राहते. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी असा नमुना तयार केला, तर लहान खासगी दवाखान्यांनाही तो वापरता येईल. आपल्या पुरवणीत त्याचा मसुदा छापण्यास आपण जागा देणार असाल, तर ड्रेन, लघवीची नळी, रायल्स ट्यूब आणि डीजे स्टेंट यांचे मसुदे मी लिहून पाठवते, तज्ज्ञ डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, सातारा