प्रदूषण संपलं, की नुसतं हललं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण पर्यावरण प्रदूषणाला अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. हवा, पाणी, जमीन आणि ध्वनी अशा चार चौकटी होत्या आणि प्रत्येकीत कारणं, परिणाम, उपाय नीट मांडले होते. माहितीत काहीच चुकीचं नव्हतं. मला खटकल्या त्या चौकटींच्या मधल्या रेघा. शाळेपासून आपण प्रदूषण असंच शिकत आलो, आणि माझ्या मते आपले बरेचसे उपाय फसतात ते याच रेघांमुळे. एका चौकटीतून काढलेलं विष शेजारच्या चौकटीत जाऊन बसतं आणि आपण पहिल्या चौकटीपुढे ‘काम झालं’ अशी खूण करतो.

मी 26 वर्षं इलेक्ट्रोप्लेटिंगच्या, म्हणजे विजेच्या साह्याने धातूचा मुलामा देणाऱ्या, एका कारखान्यात सांडपाण्याची प्रयोगशाळा सांभाळली. तिथली एक चाचणी मी हजारो वेळा केली असेल. क्रोमियम मुलाम्याच्या टाकीतून काढलेले सुटे भाग धुतले की ते पाणी पिवळंधमक होतं. तो पिवळेपणा सहा संयुजेच्या क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या कर्करोग घडवणाऱ्या रूपाचा. बीकरमध्ये ते पाणी घ्यायचं, ॲसिड घालून पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) तीनच्या खाली आणायचा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. डोळ्यांदेखत पिवळा रंग जाऊन हिरवट निळा येतो, म्हणजे क्रोमियम आता तीन संयुजेचं झालं, पुष्कळ कमी घातक. मग चुन्याचं दूध घालून पीएच साडेआठच्या आसपास नेला की हिरवे पुंजके धरायला लागतात. ते हळूहळू तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. पाहुणे आले की साहेब हमखास हेच दाखवायला सांगत. पाणी निवळलं की पाहुण्यांचा चेहराही उजळायचा. तळाला बोटभर साचलेल्या हिरव्या गाळाचं पुढे काय होतं, हे त्या 26 वर्षांत एकाही पाहुण्याने विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना कळत नसे. ॲसिडमध्ये मेटाबायसल्फाइट पडलं की थोडा सल्फर डायऑक्साइड सुटतो. नाकात झणका बसतो, डोळ्यांत पाणी येतं. वर पंखा नसेल तर डोसिंग करणारा, म्हणजे रसायनं मापून टाकणारा, माणूस दिवसभर तोच वास घेतो. म्हणजे त्या एका बीकरमध्ये आपल्या पुरवणीतल्या तीन चौकटी एकत्र होत्या: पाण्यातलं क्रोमियम काढताना थोडा वायू हवेत गेला आणि उरलेलं सगळं गाळात, म्हणजे आज ना उद्या जमिनीवर.

त्या गाळाचं काय झालं, तेही सांगते. आउटलेटचं, म्हणजे बाहेर सोडायच्या पाण्याचं, सॅम्पल दर वेळी पास होत होतं. गाळ सुकवून गोण्यांत भरायचा आणि घातक कचऱ्याच्या जागी पाठवायचा, हा नियम होता. पण गाडीचा खर्च वाचवायला गोण्या महिनोन्‌महिने मागच्या भिंतीला लागून उघड्यावर पडून राहत. उन्हाने त्या तडकल्या. एका वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीच्या कडेने हिरवट राखाडी ओघळ निघून गटाराकडे जाताना मी पाहिला. ज्या पाण्यातून आम्ही ते इतक्या कष्टाने काढलं होतं, त्याच पाण्यात ते परत चाललं होतं. त्या आठवड्याच्या अहवालातही आउटलेट पासच होतं, कारण सॅम्पल घ्यायची जागा दुसरीकडे होती. अहवालावर सही माझी होती. ती सही मला अजून टोचते.

एका कारखान्याचं रडगाणं म्हणून हे लिहीत नाही. जगभर हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. डिसेंबर 1952 मध्ये लंडनमध्ये पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं साचलं. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 4,000 माणसं दगावली, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा 12,000 पर्यंत नेला. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. त्या काळातला एक लाडका उपाय म्हणजे धुरांडी उंच करणं. गावावरचा धूर खरंच कमी झाला, पण धुरातलं गंधक काही विरून गेलं नाही. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर लांब गेलं आणि पावसातून ॲसिड होऊन उतरलं. ब्रिटन आणि युरोपातल्या धुराने नॉर्वे-स्वीडनची तळी आंबट झाली, त्यांतले मासे मेले. कॅनडात सडबरीला 1972 मध्ये 381 मीटर उंचीचं धुरांडं उभं राहिलं. त्या शहराची हवा सुधारली आणि गंधक दूरवर विखुरलं. हवेच्या चौकटीत उपाय यशस्वी आणि पाण्याच्या चौकटीत नवं दुखणं.

पेट्रोलमधल्या शिशाची गोष्ट तर चांगल्या हेतूचीही आहे. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिनाची खटखट थांबते, हे 1921 मध्ये कळलं आणि रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांच्या धुरातून शिसं लहान मुलांच्या रक्तापर्यंत पोचलं. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते कमी मात्रेतही बाधतं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, या पेट्रोलमधून बाहेर पडला तो 2021 मध्ये. शंभर वर्षं लागली! हा मानवजातीचा मोठा विजय आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण अमेरिकेत शिशाच्या जागी ऑक्टेन (पेट्रोलची खटखट रोखायची क्षमता) वाढवायला एमटीबीई नावाचं रसायन आलं. पेट्रोल स्वच्छ जळावं म्हणूनही ते वापरलं गेलं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि मातीत लवकर कुजत नाही. जमिनीखालच्या टाक्या गळल्या तसं ते भूजलात उतरलं आणि 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. हवेचा प्रश्न सोडवणाऱ्यांच्या टेबलावर पाण्याचा माणूस बसलेला नव्हता, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं.

परिणामांबद्दल आपल्या पानावर ‘श्वसनाचे विकार, त्वचारोग, जलचरांचा नाश’ अशी ओळ आहे. खरी आहे, पण अशा ओळीतून माणूस दिसत नाही. जपानमधल्या मिनामाता उपसागरात एका रसायन कारखान्याचा पारा वर्षानुवर्षं सोडला जात होता. समुद्र मोठा आहे, पारा पातळ होऊन जाईल, हा हिशेब होता. पाण्यापुरता तो पटेलही, पण जिवंत शरीरं पातळ करत नाहीत, साठवतात. पाण्यातलं मिथिल मर्क्युरी (पाऱ्याचं विषारी संयुग) सूक्ष्म जीवांत गेलं, तिथून लहान माशांत, मग मोठ्या माशांत, आणि प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत गेली. आधी मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी गिरक्या घेत मेली. मग माणसांचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, नजर आकसू लागली. मे 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि कारखान्याने पारा सोडणं थांबवलं 1968 मध्ये. सगळ्यात जिव्हारी लागतं ते असं की काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळं जन्मतःच हा आजार घेऊन आली. आईच्या शरीरातला पारा वार ओलांडून बाळाच्या मेंदूत गेला होता. ‘जलचरांचा नाश’ या दोन शब्दांत ती आई मावत नाही.

ध्वनिप्रदूषणाची चौकट मात्र खरंच वेगळी आहे. आवाज कुठे साठत नाही, त्याचा गाळ होत नाही, यंत्र बंद केलं की तो त्याच क्षणी संपतो. म्हणून तर त्याबाबत कोणतीही सबब मला मान्य नाही. तो ज्या कानात शिरला तिथे मात्र कायमचा राहू शकतो, कारण आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. आणि डेसिबल दहाने वाढले म्हणजे आवाज ‘थोडा’ वाढला असं नसतं, त्याची तीव्रता दहापट झालेली असते.

मग उपाय काय? शुद्धीकरण यंत्रणा नकोतच, असं म्हणणारी मी नाही. नदीत विखुरलेल्या क्रोमियमपेक्षा गाळात बांधलेलं क्रोमियम केव्हाही परवडलं. निदान ते कुठे आहे हे माहीत असतं. तो गाळ सिमेंटमध्ये घट्ट करून, अस्तर असलेल्या खड्ड्यात, पावसापासून झाकून ठेवायला हवा आणि त्या खड्ड्याची राखण पुढच्या पिढीलाही करावी लागणार, हे आजच सांगायला हवं. कुठे कुठे गाळाचा उपयोगही होतो. वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक चुनखडीने पकडलं की जिप्सम मिळतं आणि त्याच्या भिंतींच्या फळ्या बनतात. पण खरा उपाय यंत्रणेच्या खूप आधी असतो, आणि तो बहुधा इतका साधा असतो की त्याचं उद्‌घाटन करता येत नाही.

आमच्याकडे तो एका कामगाराने शोधला. मुलाम्याच्या टाकीतून जिग (सुटे भाग टांगायचा सांगाडा) बाहेर काढली की तिच्यावरून क्रोमियमचं द्रावण निथळत असतं. कामाच्या घाईत ती तशीच धुण्याच्या टाकीत बुडवायची पद्धत होती. हा माणूस जिग टाकीवरच धरून मनात दहापर्यंत मोजायचा. निथळलेले थेंब परत टाकीत पडत. त्याच्या पाळीत येणारं धुण्याचं पाणी फिकट असतं, हे मला प्रयोगशाळेत बसून दिसलं, पण कारण समजायला शॉपफ्लोअरवर जाऊन उभं राहावं लागलं. मग आम्ही सगळ्या टाक्यांवर जिग टांगायला दांडी बसवली, खाली उतरता पत्रा लावला आणि धुण्याच्या तीन टाक्यांत पाणी उलट्या दिशेने फिरवलं, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी शेवटच्या धुण्याला. रसायन कमी लागलं, चुना कमी लागला, मेटाबायसल्फाइट कमी लागलं, त्यामुळे तो झणकाही कमी झाला आणि गोण्यांची संख्या घटली. तिन्ही चौकटी एकदम हलक्या झाल्या. त्या माणसाला बक्षीस मिळालं नाही, निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही. ती चूक आमची.

असंच जगाच्या पातळीवरही एकदा झालं आहे. तेव्हा फ्रिज-एसीत वापरले जाणारे, ओझोनचा थर विरळ करणारे सीएफसी वायू हवेतून गाळून काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. 1987 च्या माँट्रियल करारात ते बनवणंच टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, 1990 मध्ये ते पूर्ण बंद करायचं ठरलं आणि थर आता सावरतो आहे. त्यांच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवामान तापवतात, हे ध्यानात आल्यावर 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला त्यांच्यावरही बंधन घालायचं ठरलं. चूक दुसऱ्या चौकटीत सरकलेली दिसली आणि तिथे जाऊन धरली गेली.

म्हणून आपल्याला एक विनंती. यापुढे एखाद्या शुद्धीकरण केंद्राची, धूर गाळणाऱ्या यंत्राची किंवा कचरा जाळणाऱ्या भट्टीची बातमी द्याल, तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा: इथे जे पकडलं, ते दिवसाला किती किलो आणि आत्ता कुठे ठेवलंय? उत्तर मिळालं तर ते छापा. आणि ‘सॅम्पल पास आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर वार्ताहराला मागच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला सांगा, शक्यतो पहिल्या पावसानंतर.

कळावे,
आपली नियमित वाचक
(सांडपाणी प्रयोगशाळेतून निवृत्त रसायनतज्ज्ञ)