मागच्या सीटवर कोण होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलाने दारू पिऊन कुणाला उडवलं की पुढचे काही दिवस काय काय छापून येणार, हे आता वाचकांना तोंडपाठ झालं आहे. आईबापांचे लाड, पबवाल्यांची हाव, चौकातली चिरीमिरी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा जामिनाच्या अटीतला ३०० शब्दांचा निबंध आणि ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप यांवर महिनोन्‌महिने बोललं गेलं. बोलायलाच हवं होतं. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. त्या गाडीत तो सतरा वर्षांचा मुलगा एकटा नव्हता, बारावीच्या निकालाची पार्टी करून निघालेले मित्र सोबत होते. या मित्रांची चर्चा झाली ती थेट त्यांचेही रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आला तेव्हा. गाडी चालवणाऱ्या पोराचं काय होतं जेव्हा शेजारी आणि मागे मित्र असतात, हे कुणी फारसं विचारलं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं. अकरावीतला एक मुलगा सकाळी एकटा येतो, तेव्हा गतिरोधकावर वेग कमी करतो, पुढे ट्रॅक्टर असला तर गुपचूप त्याच्या मागे राहतो. कॉलेज सुटल्यावर त्याच स्कूटीवर मागे दोघे बसतात आणि तोच मुलगा एसटीला कट मारतो. शेवटचा मोबाइल वर धरून शूटिंग करत असतो. सकाळचं आणि दुपारचं पोरगं एकच, अक्कलही तेवढीच. लायसन्स सकाळी नसतं आणि दुपारीही नसतं.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ साली हेच प्रयोगातून दाखवलं. संगणकावरचा गाडीचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावरही गाडी दामटली तर गुण वाढतात, पण मध्येच भिंत आडवी आली की सगळे जातात. काहींना हा खेळ एकट्याने खेळायला दिला, काहींना बरोबरीच्या दोघांसमोर. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी इतरांसमोर घेतलेला धोका एकट्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. चोविशीच्या पुढच्यांना मात्र कुणी बघतंय की नाही याने काही फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून हाच प्रकार तपासला, तेव्हा मित्र बघताहेत एवढं कळल्यावर किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ‘चल, मार कट’ असं ओरडावंही लागत नाही. मित्र बघतोय एवढं पुरतं. ‘पोराला धोका कळत नाही’ हे आपलं पालुपद म्हणून मला पटत नाही. एकटा असताना त्याला सगळं कळतं.

दारूचंही तेच. मागे एकदा वर्गात निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. आपल्याला प्यायची इच्छा नाही, पण ग्रुपमध्ये बाकी सगळ्यांना चालतं, असं लिहिणारे इतके निघाले की ते ‘बाकी सगळे’ नेमके कोण, हाच प्रश्न पडला! प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबाबत डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये हेच नोंदवलं होतं: प्रत्येकाला मनातून खटकत होतं आणि आपण सोडून इतरांना काही वाटत नाही, अशी प्रत्येकाची समजूत होती. आपल्याकडे त्यावर ‘जा, आईला विचारून ये’ हा टोमणा असतोच. सेंड-ऑफच्या दिवशी किंवा कुणाच्या वाढदिवसाला ढाब्यावर हा टोमणा बसला की क्वार्टर फुटते आणि परत येताना ‘मी नाही बसत तुझ्या मागे’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

कायदा कमी नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ हवं, कडक दारूसाठी २५. (गोव्यात १८. बारावीनंतरची गोवा ट्रिप आणि भाड्याची दुचाकी यांचं आकर्षण त्यातही आहे.) मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतंच असतं. शोरूममध्ये पेट्रोलची अशी गाडी आता शोधून मिळत नाही. दहावी झाली म्हणून घरी येते ती ११० किंवा १२५ सीसीची. पालकांना हे ठाऊक असतं. ‘गल्लीतल्या गल्लीत चालवतो हो’ हे उत्तरही तयार असतं. कॉलेजांची हुशारी आणखी वेगळी. गेटवर ‘विनापरवाना वाहन आणू नये’ ही पाटी, आणि गेटबाहेरच्या बोळात टपरीपासून ओळीने लावलेल्या स्कूट्या. गेटच्या आत एकही गाडी नाही, म्हणजे कागदोपत्री सगळं ठाकठीक.

माझी मागणी छोटी आहे. न्यूझीलंडने १९८७ पासून लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. तिथे मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि सोबत अनुभवी चालक नसेल तर इतर कुणाला गाडीत घेता येत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनीही हा मार्ग धरला. आपल्याला तर नवीन काही शोधायचंही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे की शिकाऊ लायसन्सवर दुचाकी चालवणाऱ्याने मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय कुणालाही बसवू नये. ‘एल’ची पाटी लावून मित्राला मागे घेणारा हा नियम मोडतच असतो, पण त्याबद्दल पावती फाडलेली मी तरी पाहिलेली नाही. हा नियम आधी पाळायला लावावा आणि पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्षभर, निदान बरोबरीच्या वयाच्या सोबत्यांपुरता, पुढे चालू ठेवावा. पोलिसांना तपासायला सोपा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘दंड होईल रे, उतर’ असं म्हणण्याची सोय पोराला मिळते. मित्रासमोर भित्रा ठरण्यापेक्षा पोलिसांच्या नावावर खपवणं त्याला परवडतं.

आणि एक विनंती आपल्यालाही. अशा अपघाताची बातमी देताना गाडीची किंमत आणि बापाचा धंदा छापता, तसं गाडीवर एकूण किती जण होते, ते कोणत्या वयाचे होते आणि चावी कुणी दिली होती, हेही (नावं न देता) छापत चला. पालकसभेत ते कात्रण मी वाचून दाखवीन.

आपली,
एक शिक्षिका, कराड