नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

दाढेच्या संसर्गासाठी बाबांनी पेनिसिलीन गटातलं अँटिबायोटिक घेतलं आणि काही दिवसांत दंडापासून मनगटापर्यंत काळानिळा डाग पसरला. आम्ही म्हणत राहिलो, कुठेतरी आपटलं असेल. हिमोग्लोबिन ६ वर आल्यावर धाबं दणाणलं.

पहिले आभार रात्रपाळीच्या लॅबमधल्या ताईंचे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या दोन चाचण्या, पीटी आणि एपीटीटी. पीटी नॉर्मल, प्लेटलेट्स नॉर्मल, फक्त एपीटीटी लांबलेलं. नमुना खराब म्हणून त्यांना सोडून देता आलं असतं. त्यांनी तो निरोगी रक्ताच्या प्लाझ्मात मिसळून ३७ अंशांवर २ तास ठेवला, पुन्हा तपासला. आकडा सुधारलाच नाही. म्हणजे रक्त गोठवणारा घटक नुसता कमी पडत नव्हता, त्याला कोणीतरी अडवत होतं! शरीरानेच त्या घटकाविरुद्ध, म्हणजे फॅक्टर ८ विरुद्ध, अँटिबॉडी तयार केल्या होत्या: अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया. जन्मजात नसून नंतर जडणारा रक्तस्रावाचा आजार, १० लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा. निम्म्या रुग्णांत कारण सापडतही नाही. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांचा संशय त्या गोळ्यांवरच आहे.

दंडात इंजेक्शन द्यायला निघालेल्या शिकाऊ मुलाचा हात धरणाऱ्या सिस्टर, तुमचेही आभार. स्नायूत सुई गेली असती तर तिथेच रक्त साचलं असतं.

आणि ज्या तिघांच्या रक्ताच्या पिशव्या बाबांना चढल्या, ते तर आम्हाला कधी कळणारच नाहीत.

त्या अँटिबॉडी दाबायला स्टेरॉइड अजून चालू आहेत. गोड बंद, त्यामुळे चिडचिड भरपूर. पण काल दाढी स्वतः केली, आणि रक्ताचा थेंब आला नाही.